हलवून पाहणारे साडू

जगातल्या सगळ्या वस्तूंचे दोनच प्रकार आहेत, हलणाऱ्या आणि न हलणाऱ्या, आणि माणसाचा जीव बहुतेक वेळा या दोन्हींतला फरक वेळेवर न कळल्यामुळे जातो, असं ठामपणे मानणारे माझ्या माहितीतले एकमेव गृहस्थ म्हणजे माझे साडू. कुठल्याही घरात पाऊल टाकण्याआधी ते फाटक हलवून पाहतात. मग जिन्याचा कठडा, मग खुर्ची. खुर्चीवर बसतात ते सगळ्यात शेवटी, आणि बसल्यावर समोरच्या टेबलाला हात लावतात. निकाल दोनच शब्दांचा असतो, 'हालते' किंवा 'हालत नाही', आणि तो यजमानांना ऐकू जाईल इतक्या आवाजात जाहीर होतो. आमच्या अमरावतीच्या घरातला पाहुण्यांचा पलंग त्यांनी माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत 'हालते' म्हणून नापास केला होता. ते त्या रात्री जमिनीवर सतरंजी टाकून झोपले. पलंग आजही शाबूत आहे आणि त्याच्यावर अनेक माणसं झोपून सुखरूप उठली आहेत, याचा त्यांच्या मतावर काहीही परिणाम झालेला नाही.

स्वतःच्या लग्नातही त्यांनी हे सोडलं नाही. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चालू, माझी मेहुणी पलीकडे हार घेऊन उभी, आणि नवरदेवानं हळूच डावा हात लांब करून मांडवाचा खांब हलवून पाहिला. खांब हलला. मंगलाष्टकं थांबवण्यात आली. मांडववाल्याला बोलावून खांब पुन्हा ठोकून घेण्यात आला, आणि मगच पुढचं कडवं सुरू झालं. वधूपक्षाचा समज असा झाला की मुलाकडच्यांना मांडव हलका वाटला आणि आता मानपानावरून काहीतरी निघणार. माझे सासरे हात जोडून पुढे आले. साडूंनी त्यांचे जोडलेले हात बाजूला केले आणि विचारलं, "तुमी ह्या खांबाखाली आजीबाईंना कोणत्या हिशेबानं बसवलं?" ही हकिकत मला ताईंनी, म्हणजे त्याच नवरीनं, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, सांगितली. साडूंनी त्या हकिकतीचा आजवर इन्कार केलेला नाही.

त्यांचा पेशाही हाच होता. अकोल्यात बांधकामांवर कामगारांच्या सुरक्षिततेची तपासणी करायची. साइटवर त्यांना कुणी 'सेफ्टीवाले साहेब' म्हणत आणि ठेकेदार 'महाराज' म्हणे, कारण त्यांचं घराणं अकोटचं, याज्ञिकी करणारं. वडिलांनी आयुष्यभर सत्यनारायण आणि वास्तुशांती केल्या. मुलगा वास्तू पुरी होण्याआधीच्या शांतीला लागला, असं वडील म्हणत. तपासणीची फेरी साडू पूजेच्या क्रमानंच घालायचे. रोज सकाळी पूर्वेच्या कोपऱ्यातून सुरुवात, इमारत उजव्या हाताला ठेवून, आधी खालचे टेकू, मग परांचीचे बांबू, मग दोर, मग विजेची वायर, आणि शेवटी माणसं. मधेच कुणी हाक मारली आणि क्रम मोडला, तर ते परत पूर्वेच्या कोपऱ्यात जाऊन पहिल्यापासून सुरुवात करत. त्यामुळे फेरीच्या वेळी त्यांना कुणी हाक मारत नसे. ठेकेदार तर त्यांची फेरी चालू असताना मोबाइलसुद्धा बंद ठेवायचा.

वरती काम करणाऱ्या माणसाच्या कमरेला पट्टा असतो आणि पट्ट्याला दोरीनं हुक. तो हुक एखाद्या पक्क्या जागी अडकवला, तर पाय घसरला तरी माणूस लोंबकळत राहतो, खाली येत नाही. पण पट्टा बांधून हुक मोकळा सोडायचा ही आपल्याकडची रीत. साहेब खालून पाहतात तेव्हा पट्टा दिसतो, तेवढ्यानं भागतं. साडू याला 'कमरेचा दागिना' म्हणत. त्यावर त्यांचा नियम साधा होता. हुक न लावलेल्या माणसाशी ते बोलत नसत आणि त्याचं बोलणं ऐकूनही घेत नसत. वरून कुणी ओरडला, "साहेब, माल संपला!" की खालून उत्तर यायचं, "हुक लाव, मंग बोल." हा नियम घरीही लागू होता. ताई एकदा स्टुलावर चढून फळीवरची लोणच्याची बरणी काढत होत्या आणि तिथूनच त्यांनी विचारलं, भाजी कोणती आणू. उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. खाली उतरून पाहतात तर हे पेपर बाजूला ठेवून शांत बसलेले. म्हणाले, "आता विचार." ताईंनी त्या दिवशी भाजीच केली नाही. बरणी काढलेलीच होती, दोघांनी लोणचं आणि भाकर खाल्ली.

सगळ्यात मोठं भांडण हेल्मेटचं. अकोल्याचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना ते भांडण समजावून सांगायला नको. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून माणूस कसाबसा दुपार काढतो, त्याच्यावर प्लास्टिकचं टोपलं घालायला सांगितलं की तो साहेबाकडे नुसता पाहत राहतो. हेल्मेटं वाटली की ती डोक्यावर सोडून सगळीकडे दिसायची. एकात अंबाडीची भाजी धुतलेली, एकात कैऱ्या, एकात शेळीचं पाणी. वॉचमनच्या झोपडीमागे एका हेल्मेटात कोंबडी अंड्यांवर बसलेली सापडली. साडूंनी ते हेल्मेट जप्त केलं नाही. पिल्लं निघेपर्यंत थांबले, मग धुऊन घेतलं, आणि वॉचमनला म्हणाले, "कोंबडीले समजलं बाप्पा, हे कायच्यासाठी असते. तुले कधी समजन?"

सुटीतही ते सुटीवर नसत. एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं मेळघाटात सेमाडोहला गेलो होतो. जंगलात एक मचाण होतं, त्यावर चढून वाघाची वाट पाहायची अशी योजना. साडूंनी मचाणाचा खांब धरला, हलवला, आणि शिडीसमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले. बरोबरच्या वनमजुरानं बराच वेळ समजूत काढली, शेवटी वैतागून म्हणाला, "साहेब, वाघापासून जीव वाचवाले हे मचाण हाय. तुमी मचाणापासूनच आमाले वाचवून राहिले!" साडू म्हणाले, "वाघ येईल का नाही ते नक्की नाही. हे पडेल ते नक्की आहे." आम्ही मचाणापासून बऱ्याच अंतरावर सतरंजी टाकून चिवडा खाल्ला. वाघ आला नाही. मचाणही त्या दिवशी पडलं नाही.

या सगळ्या गोष्टी हसून सांगता येतात. पुढची गोष्ट मात्र साडू स्वतः कधी सांगत नाहीत.

जठारपेठेकडे एका मोठ्या रहिवासी इमारतीचं काम चालू होतं. तिथे सिमेंट-वाळूचा माल घमेल्यात भरून डोक्यावरून वर नेण्याचं काम बायका करायच्या. आपल्याकडे त्यांना रेजा म्हणतात. त्यांच्यात कौसाबाई नावाची एक होती, उंच, आवाजानं दांडगी. नवऱ्याला दमा, घर तिच्या रोजीवर. बाकीच्या बायकांना साइटवर तीच घेऊन यायची, आणि कुणाला काम कमी पडलं तर ठेकेदाराशी भांडायचीही तीच. एका सकाळी वरून एक वीट सुटली आणि थेट कौसाबाईच्या डोक्यावरच्या घमेल्यात पडली. घमेलं ओल्या मालानं भरलेलं होतं, म्हणून वीट त्यात रुतून बसली. कौसाबाई दोन पावलं अडखळली आणि मान न वळवता ओरडली, "काहून वं, एवढा माल कोनं भरला?" सगळे हसले. साडू हसले नाहीत. त्यांनी घमेलं उतरवून घेतलं, त्यातली वीट काढली आणि ती हातात घेऊन एकेका रेजाच्या डोक्याकडे पाहिलं.

नियमाप्रमाणे साइटवर प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट हवं. पण रेजांच्या डोक्यावर चुंबळ असते आणि चुंबळीवर घमेलं. हेल्मेट घालायचं कुठे, हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता, कारण तपासणीला येणारे बायकांच्या डोक्यांकडे पाहतच नसत. साडूंनी तो सोडवायला घेतला. स्वतः हेल्मेट घातलं, त्यावर चुंबळ ठेवली, त्यावर मालानं भरलेलं घमेलं ठेवून घेतलं आणि सगळ्यांसमोर चालायला लागले. चुंबळ हेल्मेटवरून निसटली. पुढचं दृश्य साइटवर अजून सांगितलं जातं. खांद्यापासून बुटांपर्यंत माल ओघळलेले साडू हात पसरून उभे होते आणि कौसाबाई तोंडाला पदर लावून म्हणत होती, "साहेबाले प्लास्टर करून टाका आता, वाया नोका जाऊ देऊ!"

साडूंनी अंघोळ केली आणि दुपारी ठेकेदारासमोर जाऊन बसले. डोक्यावरून माल नेणं बंद. माल वर चढवणारी लिफ्ट आणा. ठेकेदार म्हणाला, "महाराज, एका विटेसाठी मशीन?" साडू म्हणाले, "वीट एकच पडते. डोस्कंबी एकच असते." त्यांनी लेखी हरकत घेतली, प्लास्टरचं काम थांबवलं, आणि शेवटी मशीन आली. लोखंडी खांबांवरून वरखाली जाणारा एक पिंजरा. साडूंनी तिचा प्रत्येक खांब हलवून पाहिला आणि 'हालत नाही' असा निकाल दिला. त्या संध्याकाळी त्यांनी साइटवर पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवर दोन पुरुष लावले गेले आणि निम्म्याहून जास्त रेजांना ठेकेदारानं सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

कौसाबाई सरळ साडूंच्या समोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज त्या दिवशी चढलेला नव्हता, असं नंतर वॉचमननं मला सांगितलं. ती म्हणाली, "साहेब, तुमी आमचं डोस्कं वाचवलं. चांगलं केलं. पन आमचं पोट काढून घेतलं ना तुमी. हे पोट घेऊन आता कोठी जाऊ म्या?" आयुष्यभर साडूंनी पडणाऱ्या वस्तूंचा विचार केला होता. मशीन उभी राहिल्यानं कुणी पडेल, हे त्यांच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

दोन दिवसांनी ताईंचा फोन आला. माझ्या बायकोनं घेतला. ताई घाबरलेल्या होत्या. "अगं, ह्यांना काहीतरी झालंय. परवापासून ह्यांनी घरातली एकही वस्तू हलवून पाहिली नाही." मी त्याच दिवशी एसटीनं अकोल्याला गेलो. साडू ओट्यावर बसले होते, आणि बसले होते त्या खुर्चीवर, जी त्यांनीच कधीकाळी नापास करून माळ्यावर टाकली होती. मी फाटक हलवून आत आलो तरी त्यांनी पाहिलं नाही. चहा झाल्यावर म्हणाले, "साडूभाऊ, मशीन परत पाठवता येत नाही. पाठवली तर वीट येते. ठेवली तर बाई जाते." मी म्हटलं, दोन्ही तुमच्या हातात नाहीत. ते म्हणाले, "मशीन माझ्याच सहीनं आली. उद्या सकाळी माझ्यासोबत चला."

सकाळी आम्ही गेलो. साडूंनी ती हलणारी खुर्ची सोबत घेतली होती. का, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. फेरी न घालताच ते मशीनपाशी गेले, वर थांबलेल्या पिंजऱ्याच्या बरोबर खाली खुर्ची ठेवली आणि तिच्यावर बसले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. वर चढवलेल्या ओझ्याखाली माणूस असेल तर ओझं हलवायचं नाही, हा साडूंनीच साइटवर घालून दिलेला नियम होता आणि मोडणाऱ्याला ते घरी पाठवत. त्यामुळे मशीन चालवणारे दोघे हात बांधून उभे राहिले. वरचे गवंडी ओरडायला लागले, माल कुठे आहे. ठेकेदार धावत आला.

"महाराज, हे काय करून राहिले?"

"बसलो आहे."

"उठा ना. तुमच्यावर माल पडन."

"म्हणूनच कोणी चढवत नाही."

"अवो, मशीन तुमीच मांगली होती!"

"मांगली. आता पुढचं ऐका. खाली कोणी येऊ नये म्हणून फाटकावर माणूस पाहिजे. पिंजरा भरायला पाहिजे, वर रिकामा करायला पाहिजे, इशारा द्यायला पाहिजे. आणि रोज सकाळी प्रत्येकाचा हुक पाहायला पाहिजे. माझी फेरी होईपर्यंत अर्धी माणसं वर चढलेली असतात. एवढी माणसं तुम्ही लावली का?"

"लावतो ना. दोन पोरं लावतो."

"बाया लावा. ज्या होत्या त्याच."

ठेकेदारानं माझ्याकडे पाहिलं. मी पेपरात बातम्या लिहितो हे त्याला कुणीतरी सांगितलं असावं, कारण त्याचा सूर जरा खाली आला. "महाराज, बायाचं ऐकन कोन? वरचे माणसं त्यायले हुक लावून दाखवतीन?"

"हे तुम्ही त्यांच्यावर सोडा."

"आन् मी नाई म्हनलं तं?"

"तर मी इथेच. उद्यासुद्धा."

जेवणाच्या सुटीपर्यंत ते त्या हलणाऱ्या खुर्चीवर बसून होते. ऊन वर आलं. कुणीतरी त्यांना पाणी आणून दिलं, वॉचमननं छत्री धरली. वर मालाअभावी गवंडी बसून राहिले आणि दिवस वाया चालला. शेवटी ठेकेदारानं हात वर केले, "उठा बाप्पा, लावतो बायायले!" साडू उठले, खुर्ची उचलली आणि पूर्वेच्या कोपऱ्यात जाऊन फेरीला सुरुवात केली.

सगळ्या बायका परत आल्या नाहीत. काहींनी तोवर दुसरीकडे काम धरलं होतं, एक गावी निघून गेली होती. ज्या आल्या त्यांना साडूंनी फाटकापासून हुकापर्यंत सगळं शिकवलं, आणि शिकवण्याची पद्धत एकच, धरा आणि हलवा. ठेकेदाराची शंका मात्र खोटी ठरली. साहेबाला चुकवणं माणसांना जमत असे, कौसाबाईला चुकवणं जमेना. साहेब फक्त गप्प राहायचे, ती गावाचं, घराचं, बायकोचं नाव घेऊन बोलायची. "काय रे, हुक नाई लावला? तुह्या बायकोले फोन लावू का, कुकू पुसून ठेव म्हनून?" वरच्या माणसाचा हुक लगेच लागायचा. तो लागला की हीसुद्धा साहेबांसारखं ओरडायची, "आता बोल!" रस्त्यावरून जाणाऱ्यांना ते ऐकू यायचं. इमारत पुरी झाली तेव्हा वास्तुशांतीला साडूंना पहिला मान होता. त्यांनी होमकुंडासाठी रचलेल्या विटा हलवून पाहिल्या आणि गुरुजींना दोन विटा बदलायला लावल्या.

त्यानंतर थोड्याच काळात ते निवृत्त झाले. आणि मग त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. डॉक्टरांनी त्याला एक नाव दिलं आहे आणि गोळ्या दिल्या आहेत. गोळ्यांनी तो कमी होतो, थांबत नाही. साडूंची खरी अडचण वेगळीच झाली. ते अजूनही फाटक धरतात, खुर्ची धरतात, आणि प्रत्येक वस्तू त्यांना हलल्यासारखी वाटते. वस्तू हलते की हात, हे त्यांना सांगता येत नाही. सुरुवातीला ते सगळ्यालाच 'हालते' म्हणत. ताईंनी घरातलं अर्धं सामान सुताराला दाखवूनही आणलं. मग एक दिवस त्यांच्या लक्षात आलं. तेव्हापासून ते दोन्ही हात खिशात घालून बसतात आणि कुणाच्या घरी गेले तर दाखवलेल्या खुर्चीवर मुकाट्यानं बसतात.

गेल्या हिवाळ्यात ते आमच्याकडे अमरावतीला राहायला आले होते. सकाळी आम्ही दोघं चालायला निघालो. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर बडनेरा रोडच्या बाजूला एक नवं बांधकाम चालू आहे. फाटकाशी आलो तसे साडूंचे पाय आपोआप वळले. इतक्यात आतून आवाज आला, "ओ बाबाजी! डोस्क्यावर काय हाय?"

कौसाबाई होती. ठेकेदारानं अमरावतीचं हे काम घेतलं तेव्हा तिलाही सोबत आणलं होतं. डोक्यावर हेल्मेट, गळ्यात शिटी. तिनं ओळखलं, पदर सावरला, पाया पडायला वाकली, आणि उठून म्हणाली, "साहेब, तुमी असाल तरी हेल्मेटबिगर आत नाई जाऊ देत म्या."

"बरोबर आहे," साडू म्हणाले. बोलता बोलता त्यांचा हात खिशातून निघाला आणि फाटकाच्या खांबाला लागला. मग हळूच म्हणाले, "हालते."

खांब सिमेंटात गाडलेला होता. मीही हात लावून पाहिला, तो जराही हलत नव्हता. कौसाबाईनं त्यांच्या हाताकडे पाहिलं. मग वळून आतल्या एका माणसाला हाक मारली, "ए, घन आन इकडं. साहेब म्हनते खांब हालते." तो माणूस आला, त्यानं खांबाकडे पाहिलं, कौसाबाईकडे पाहिलं, आणि बुंध्याशी दोन घाव घातले.

मग तिनं वॉचमनच्या खोलीतून एक हेल्मेट आणलं आणि साडूंच्या डोक्यावर ठेवलं. हनुवटीखालचा पट्टा त्यांना लावता येईना, तो तिनं लावला. दोन्ही हातांनी हेल्मेट धरलं, डावीकडे-उजवीकडे ओढून पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "हालत नाई."

साडूंनी हात पाठीमागे बांधले. इमारत उजव्या हाताला ठेवून दोघं पूर्वेच्या कोपऱ्यातून निघाले. ती पुढे एकेक बांबू धरत होती आणि काय हालते, काय नाही ते सांगत होती. ते मागून ऐकत चालले होते. जास्तीचं हेल्मेट तिथे एकच होतं, त्यामुळे मी फाटकाबाहेर थांबलो.